कोणत्या प्रश्नाला कोणता प्राणी?
कर्करोगाचा उगम आणि प्रतिबंध : प्राण्यांवरील संशोधनाचा आढावा

हळदीने, ग्रीन टीने किंवा एखाद्या भाजीच्या अर्काने कर्करोग टळतो, अशी बातमी वर्षातून चार-दोनदा तरी वाचायला मिळते. बातमीच्या तळाशी एक ओळ असते : प्रयोग उंदरांवर झाला. ती वाचून काही जण लगेच विश्वास ठेवतात, तर काही जण लगेच पान उलटतात. दोघेही घाई करतात. कर्करोग शरीरात कसा उद्भवतो याविषयीचे आपले बरेचसे ज्ञान उंदीर, ससे, हॅमस्टर, मासे, कोंबड्या आणि कुत्रे यांच्यावरील शंभराहून अधिक वर्षांच्या कामातून आले आहे. याच कामाच्या भरवशावर हजारो माणसांना घातक गोळ्याही दिल्या गेल्या आहेत. त्यामुळे ‘प्राण्यांवरचे निष्कर्ष माणसाला लागू पडतात का?’ हा प्रश्न फार ढोबळ ठरतो. आजाराच्या कोणत्या टप्प्याचा अभ्यास करायचा आहे आणि त्या टप्प्यापुरता निवडलेला प्राणी माणसासारखा आहे का, हे दरवेळी नव्याने तपासावे लागते. या क्षेत्रातली मोठी यशे आणि मोठे घोटाळे या एका कसोटीवर बरेचसे उलगडतात.

एक खुलासा आधीच करतो. या लेखात ‘उंदीर’ म्हणजे प्रयोगशाळेतला पंचवीस-तीस ग्रॅमचा माऊस आणि ‘रॅट’ म्हणजे त्याच्या सुमारे दहापट वजनाची वेगळी जात. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

सशाचे कान आणि जमालगोट्याचे तेल

लंडनमधल्या धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे वृषणाच्या कातडीचा कर्करोग होतो, हे पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने १७७५ साली नोंदवले. काजळीवर संशय घेतला गेला, पण तो सिद्ध व्हायला जवळपास १४० वर्षे लागली. काहींनी कुत्र्यांवर आणि रॅटवर डांबर लावून पाहिले होते. त्यातून काही निघाले नव्हते. टोकियोत कात्सुसाबुरो यामागिवा आणि त्यांचे सहकारी कोइची इचिकावा यांनी सशाचा कान निवडला आणि त्यावर महिनोन्महिने, न कंटाळता, दगडी कोळशाचे डांबर चोळले. १९१५ साली त्यांनी जाहीर केलेला कर्करोग हा रसायनाने प्रयोगशाळेत घडवलेला पहिला कर्करोग मानला जातो. डांबर तेच होते. बदलली ती प्राण्याची निवड आणि वाढला तो संयम.

पुढचे पाऊल लंडनमध्ये अर्नेस्ट केनवे यांच्या गटाने टाकले. डांबरात शेकडो संयुगे असतात. त्यातले अपराधी कोणते? सुमारे दोन टन डांबरी पिच गाळत, वेगळे करत त्यांनी १९३३ साली बेन्झोपायरीन हे शुद्ध संयुग हाती घेतले. उंदराच्या कातडीवर ते लावले की गाठी येत. हेच संयुग पुढे तंबाखूच्या धुरात, वाहनांच्या धुरात आणि करपलेल्या मांसात सापडले.

यानंतर ज्या प्रयोगाने सगळ्या विचाराचा पाया घातला, त्यात वापरलेला पदार्थ मराठी घरांना जुन्या रेचकामुळे माहीत आहे : जमालगोट्याचे तेल. ऑक्सफर्डमध्ये आयझॅक बेरेनब्लम आणि फिलिप शुबिक यांनी १९४७च्या सुमारास उंदरांच्या पाठीवर कर्ककारक रसायन एकदाच, गाठ येणार नाही इतक्या कमी प्रमाणात लावले. मग त्याच जागी जमालगोट्याचे तेल पुन:पुन्हा लावले. गाठी आल्या. फक्त रसायन लावले तर गाठ नाही. फक्त तेल लावले तर जवळपास नाही. आधी तेल आणि मग रसायन असा क्रम उलटला तरीही नाही. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यात कित्येक आठवड्यांचे अंतर ठेवले तरी गाठी येतच. म्हणजे पहिला आघात पेशीत कायमची खूण सोडतो, पण ती खूण झोपून राहू शकते. तिला जागे करायला वेगळ्या प्रकारची, वारंवार होणारी चिथावणी लागते. पहिल्याला प्रारंभ आणि दुसऱ्याला प्रवर्धन असे म्हणतात.

प्रतिबंधाच्या दृष्टीने हा शोध आशादायक होता. झालेला आघात पुसता येत नसला, तरी चिथावणी थांबवता येईल. पुढे जनुकशास्त्राच्या लाटेत ही मांडणी काहीशी मागे पडली. ती परत आली २०२३ साली, लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतून. कधीही धूम्रपान न केलेल्यांना फुफ्फुसाचा कर्करोग का होतो, हा प्रश्न होता. संशोधकांनी उंदरांच्या फुफ्फुसात माणसांत आढळणारे ईजीएफआर जनुकाचे उत्परिवर्तन घडवले आणि त्यांना हवेतल्या अतिसूक्ष्म धूलिकणांच्या संपर्कात ठेवले. धूलिकणांनी नवी उत्परिवर्तने फारशी केली नाहीत. त्यांनी फुफ्फुसात दाह निर्माण केला आणि त्या दाहाने आधीच उत्परिवर्तित असलेल्या पेशी जाग्या झाल्या. इंटरल्युकिन-१ बीटा हा दाहाचा संदेश अडवला की गाठी कमी झाल्या. विशेष म्हणजे, हाच संदेश अडवणारे औषध हृदयविकारासाठी हजारो रुग्णांवर तपासले जात असताना, त्या गटात फुफ्फुसाचे कर्करोग कमी आढळल्याचे २०१७ सालीच नोंदवले गेले होते.

एका वंशाचे उंदीर, मुंबईसह

उंदीर हा या संशोधनाचा नायक झाला तो योगायोगाने नव्हे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅन्बी गावी अ‍ॅबी लॅथ्रॉप ही बाई हौशी लोकांसाठी नाना रंगांचे उंदीर पाळून विकत असे. तिच्या उंदरांत गाठी दिसू लागल्या तेव्हा तिने लिओ लोएब या विकृतिशास्त्रज्ञाबरोबर त्यांच्या वंशावळी तपासल्या. मादीची बीजांडे लवकर काढली तर स्तनातल्या गाठी घटतात, हे या जोडीने पहिल्या महायुद्धाच्या काळातच दाखवले. अशा हौशी पैदाशीतून आलेले उंदीर घेऊन क्लॅरेन्स लिटल यांनी १९०९पासून भावंडांचे पिढ्यानपिढ्या संकर केले आणि जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एकसारखे वंश तयार केले. त्यांनी १९२९ साली मेन राज्यात स्थापन केलेली जॅक्सन प्रयोगशाळा आजही जगभर उंदीर पुरवते. याच प्रयोगशाळेत जॉन बिटनर यांनी १९३६ साली एक अनपेक्षित गोष्ट दाखवली. ज्या वंशात स्तनाचा कर्करोग जास्त, त्यातली पिले जन्मताच दुसऱ्या वंशाच्या मादीकडे दुधाला ठेवली, की त्यांच्यातला कर्करोग घटतो. रक्तातून येतो असे वाटणारा आजार दुधातून येत होता. त्यामागे विषाणू होता.

या परंपरेचे एक केंद्र मुंबईतही उभे राहिले. १९४१ साली सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात विकृतिशास्त्राची धुरा वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. पुढे परळमध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र आले, त्याचेही ते संचालक झाले. त्यांच्या विद्यार्थिनी, पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी तिथे ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली आणि उंदरांतील स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचे नाते तपासले. संस्थेच्या नावावरून आयसीआरसी म्हणून ओळखला जाणारा उंदरांचा वंश इथेच वाढवला गेला. कारण एक नसते, अनेक कारणे मिळून कर्करोग घडवतात, हे समजायला असे नियंत्रित वंश अपरिहार्य होते.

जनुक बदललेला उंदीर

१९८०च्या दशकात चित्र पालटले. रसायन लावून वाट पाहण्याऐवजी कर्करोगाचे जनुकच उंदराच्या गर्भात घालता येऊ लागले. हार्वर्डमध्ये फिलिप लेडर आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली असा उंदीर तयार केला आणि १९८८ साली त्याला अमेरिकेत पेटंट मिळाले. सस्तन प्राण्याचे ते पहिले पेटंट. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र २००२ साली ते नाकारले. १९९२ साली पी-५३ हे पेशींना आवरणारे जनुक नसलेला उंदीर आला. तो जन्मतो धडधाकट, पण काही महिन्यांत त्याला गाठी होतात. पुढे ठरावीक अवयवात, ठरावीक वयात जनुक चालू-बंद करण्याची सोय झाली आणि फुफ्फुस, स्वादुपिंड, स्तन यांचे अगदी सुरुवातीचे टप्पे पाहता आले.

तरीही जनुक सारखे म्हणजे आजार सारखा, असे झाले नाही. विस्कॉन्सिनमध्ये १९९० साली सापडलेला ‘मिन’ उंदीर घ्या. माणसात एपीसी जनुक बिघडले की मोठ्या आतड्यात शेकडो मांसल कोंब येतात आणि त्यातून कर्करोग होतो. याच जनुकात बिघाड असलेल्या मिन उंदराला कोंब येतात ते प्रामुख्याने लहान आतड्यात. पी-५३ नसलेल्या उंदरांना लसिकापेशींचे आणि संयोजी ऊतींचे कर्करोग होतात. माणसात वयोमानाने होतात ते बहुतेक त्वचा, स्तन, आतडे अशा आवरणपेशींचे. एक कारण गुणसूत्रांच्या टोकांशी आहे. माणसाच्या बहुतेक पेशींत ती टोके वयाबरोबर झिजतात, कारण ती भरून काढणारे टेलोमरेज हे विकर बंद असते. उंदराच्या पेशींत ते बऱ्याच प्रमाणात चालू असते आणि टोकेही लांब असतात. बॉस्टनमधल्या रोनाल्ड डेपिनो यांच्या गटाने २००० साली टेलोमरेज काढलेल्या आणि पी-५३ बिघडलेल्या उंदरांत माणसासारखे आवरणपेशींचे कर्करोग वाढल्याचे दाखवले. म्हणजे उंदराला माणसाच्या जवळ आणायला कर्करोगाचे जनुक पुरले नाही. म्हातारपणाची यंत्रणाही बदलावी लागली.

विषाची परीक्षा

प्राण्यांचा दुसरा मोठा उपयोग पदार्थ कर्ककारक आहे की नाही हे ठरवण्याचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाची ठरलेली पद्धत अशी : रॅट आणि उंदीर या दोन जाती, नर आणि मादी वेगळे, प्रत्येक मात्रेला पन्नासेक प्राणी आणि कालावधी दोन वर्षे. मात्रा प्राण्याला सोसेल तितकी मोठी दिली जाते. कारण हजारात एकाला होणारा कर्करोग पन्नास प्राण्यांत दिसणारच नाही.

या पद्धतीने वेळेवर इशारे दिले आहेत. इटलीत बोलोन्यामध्ये चेझारे माल्तोनी यांना प्लॅस्टिक उद्योगातला व्हिनाइल क्लोराइड वायू रॅटच्या यकृतात रक्तवाहिन्यांचा दुर्मीळ कर्करोग घडवतो असे दिसले होते. जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेत केंटकीतल्या कारखान्यातल्या कामगारांत तोच दुर्मीळ कर्करोग उघड झाला.

पण या पद्धतीच्या फसगतीही तितक्याच शिकवणाऱ्या आहेत. सॅकरिनमुळे नर रॅटच्या मूत्राशयात गाठी आल्या, तेव्हा १९७७ साली कॅनडाने त्यावर बंदी आणली आणि अमेरिकेत पाकिटांवर इशारा छापावा लागला. नंतर कळले की मोठ्या मात्रेत रॅटच्या मूत्रात विशिष्ट कण साचतात, ते मूत्राशयाचे अस्तर खरवडतात आणि पेशी सतत नव्याने वाढत राहतात. माणसाच्या मूत्राची रचना वेगळी आहे. २००० साली अमेरिकेने सॅकरिनला संशयितांच्या यादीतून काढले. उलट दिशेचे उदाहरण आर्सेनिकचे. पाण्यातल्या आर्सेनिकने माणसाला त्वचा, मूत्राशय आणि फुफ्फुसाचा कर्करोग होतो हे माणसांवरूनच कळले होते. प्रौढ उंदीर-रॅट दाद देत नव्हते. गाभण मादीला आर्सेनिक दिले तर पिलांना पुढे गाठी होतात, हे मायकेल वाल्क्स यांच्या गटाने २००३ साली दाखवले. प्राणी योग्य होता. आयुष्यातली वेळ चुकली होती.

अफ्लाटॉक्सिनची कथा जातींमधल्या फरकाची आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले. दोष ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीवरच्या बुरशीचा निघाला. हीच बुरशी आपल्याकडच्या दमट साठवणीत शेंगदाण्यावर आणि मक्यावर येते. तिच्या विषाने रॅटच्या यकृतात कर्करोग होतो, तर प्रौढ उंदीर त्याला जवळजवळ दाद देत नाही. कारण त्याच्या यकृतातले एक विकर विषाचा नाश झपाट्याने करते. फक्त उंदरांवर चाचणी झाली असती तर हे विष निर्धोक ठरले असते. ट्राउट मासा मात्र रॅटहूनही संवेदनशील निघाला. ऑरेगनमध्ये ट्राउटवर झालेल्या कामातून क्लोरोफिलिन हा हरितद्रव्यापासून बनवलेला पदार्थ आतड्यातच या विषाला धरून ठेवतो असे दिसले. चीनमधल्या चिदोंग या यकृत-कर्करोगाने ग्रासलेल्या भागात १८० माणसांवर ते तपासले. २००१ साली जाहीर झालेल्या निष्कर्षात मूत्रातली विषाच्या इजेची खूण ५५ टक्क्यांनी घटली होती. माशापासून माणसापर्यंत एक धागा इथे अखंड दिसतो, कारण प्रत्येक पायरीवर मोजलेली गोष्ट तीच होती : विष आणि डीएनए यांची गाठ.

प्राण्यांच्या मर्यादांचा गैरफायदा कसा घेतला जातो, हे तंबाखूने दाखवले. १९५३ साली अर्न्स्ट विंडर, एव्हर्ट्स ग्रॅहम आणि अ‍ॅडेल क्रोनिंजर यांनी सिगारेटच्या धुराचा चीक उंदरांच्या पाठीवर लावला. ४४ टक्के उंदरांना कर्करोग झाला. जानेवारी १९५४ मध्ये सिगारेट कंपन्यांनी अमेरिकेतल्या चारशेहून अधिक वृत्तपत्रांत निवेदन छापून उंदरांवरचे प्रयोग निर्णायक नसल्याचे सांगितले. उंदीर आणि रॅट नाकानेच श्वास घेतात. त्यांचे गुंतागुंतीचे नाक धुरातले बरेच कण अडवते, म्हणून धूर हुंगवून त्यांच्या फुफ्फुसात गाठी घडवणे दशकानुदशके कठीण गेले. ही शास्त्रीय अडचण खरी होती, पण तोवर माणसांवरचा पुरावा पुरेसा झाला होता. एका प्राण्यात न दिसणे म्हणजे निर्धोक असणे नव्हे.

टाळण्याच्या औषधांची कसोटी

अमेरिकी संशोधक मायकेल स्पोर्न यांनी १९७६ साली रासायनिक प्रतिबंधाची कल्पना नाव देऊन मांडली : कर्करोग होण्याआधीच त्याची वाट औषधाने अडवायची. इथे प्राण्याकडून अपेक्षा अधिक कडक असतात. आजारी माणूस जगण्यासाठी दुष्परिणाम सोसतो. निरोगी माणसाने वर्षानुवर्षे घ्यायची गोळी जवळपास निर्धोक असावी लागते. म्हणजे प्राण्याने फायदा दाखवायचा आणि तोटाही दाखवायचा.

सर्वात मोठे यश टॅमॉक्सिफेनचे. चार्ल्स हगिन्स यांनी १९६१ साली रॅटला डीएमबीए हे रसायन एकदाच पाजून स्तनात गाठी घडवल्या होत्या. त्या गाठी इस्ट्रोजेनवर वाढत. क्रेग जॉर्डन यांनी १९७०च्या दशकात त्याच रॅटमध्ये टॅमॉक्सिफेन आधी दिले आणि गाठी टळल्या. लॅथ्रॉप आणि लोएब यांनी बीजांडे काढून जे साधले होते, ते आता गोळीने साधले. १९९८ साली अमेरिकेत धोका जास्त असलेल्या १३,३८८ स्त्रियांवरील चाचणीत पसरणारा स्तनाचा कर्करोग ४९ टक्क्यांनी घटला. तोट्याच्या बाबतीत मात्र प्राण्यांनी दोन वेगळी उत्तरे दिली. रॅटला या औषधाने यकृताचा कर्करोग झाला. स्त्रियांना झाला नाही, कारण रॅटचे यकृत औषधाचे डीएनएला चिकटणारे रूप खूप जास्त बनवते. दुसरीकडे, प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात माणसाच्या गर्भाशयाच्या अस्तराची गाठ रोवली, तर टॅमॉक्सिफेनने ती वाढते, हे जॉर्डन यांच्याच गटाने १९८८ साली दाखवले. हा इशारा खरा ठरला. गोळी घेणाऱ्या, विशेषतः पन्नाशीपुढच्या स्त्रियांत तो धोका वाढतो आणि डॉक्टर आज त्यासाठी सावध असतात.

लसींची वाटही प्राण्यांतूनच गेली. कोंबड्यांत विषाणूने होणारा मारेक आजार म्हणजे लसिकापेशींचा कर्करोग; १९७०च्या सुमारास त्यावर लस निघाली आणि लसीने कर्करोग टाळता येतो हे कुक्कुटपालनात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागचा मानवी पॅपिलोमा विषाणू इतर कोणत्याच प्राण्याला लागत नाही. मग लस तपासायची कुठे? उत्तर प्रत्येक प्राण्याच्या स्वतःच्या पॅपिलोमा विषाणूत मिळाले. विषाणूच्या रिकाम्या कवचाची लस १९९५ साली कुत्र्यांना त्यांच्या तोंडातल्या विषाणूविरुद्ध आणि सशांना त्यांच्या विषाणूविरुद्ध दिली. दोन्हीकडे संरक्षण मिळाले. माणसांसाठीची लस २००६ साली आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही भारतीय लस याच तत्त्वावर बनली आहे.

आता फसगत. बीटा-कॅरोटीन जास्त खाणाऱ्यांना फुफ्फुसाचा कर्करोग कमी होतो असे पाहण्यांतून दिसत होते. उंदीर-रॅटवरील अनेक प्रयोगांनीही दुजोरा दिला होता. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ साली निकाल आला तो गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढल्याचा. अमेरिकेतली १८,३१४ धूम्रपानी आणि अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांवरची चाचणी जानेवारी १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली. तिथे वाढ २८ टक्के होती.

चूक प्राण्याच्या निवडीत होती. उंदीर आणि रॅट बीटा-कॅरोटीनचे आतड्यातच जवळजवळ पूर्णपणे अ-जीवनसत्त्वात रूपांतर करतात. माणसात त्यातले बरेच जसेच्या तसे रक्तात आणि फुफ्फुसात पोचते. फेरेट हा मुंगसाच्या अंगलटीचा प्राणी या बाबतीत माणसासारखा आहे. बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात १९९९ साली फेरेटना माणसांच्या चाचणीतल्या मात्रेएवढे बीटा-कॅरोटीन आणि सिगारेटचा धूर दिला, तेव्हा त्यांच्या फुफ्फुसातल्या पेशी कर्करोगपूर्व अवस्थेकडे झुकल्या; धूर आणि गोळी एकत्र असताना सर्वाधिक. भाजीतून मिळते तेवढ्या कमी मात्रेत मात्र हे घडले नाही. हा प्रयोग चाचण्यांआधी झाला असता, तर त्या चाचण्या त्या रूपात सुरूच झाल्या नसत्या.

सेलेकॉक्सिबचा धडा वेगळा आहे. दाहाचे कॉक्स-२ हे विकर काढले की एपीसी बिघडलेल्या उंदरातले कोंब घटतात, हे १९९६ साली जपानी गटाने दाखवले. सेलेकॉक्सिब हेच विकर अडवते. माणसातही हे औषध कोंब खरोखर कमी करते, पण हृदयविकाराचे झटके वाढवते. उंदराच्या रक्तवाहिन्यांत आपोआप मेद साचत नाही. मग हा धोका त्याच्यात दिसणार कसा?

मशेरी, सुपारी आणि हळद

पश्चिम भारतात या सगळ्याचा थेट संबंध तोंडाच्या कर्करोगाशी येतो. त्यासाठी हॅमस्टर सोयीचा, कारण त्याच्या गालात अन्न साठवायची पिशवी असते. तिच्या अस्तरावर रसायन लावून बदल डोळ्यांनी पाहता येतात. १९५४पासून ही पद्धत रूढ आहे. पण त्या पिशवीत लसिकावाहिन्यांचे जाळे जवळपास नसते, म्हणून कर्करोग गळ्याच्या गाठींपर्यंत कसा पसरतो याचा अभ्यास तिथे करता येत नाही.

मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत सुमती भिडे आणि सहकाऱ्यांनी मशेरी, तंबाखू, सुपारी या आपल्याच घरांतल्या पदार्थांची परीक्षा घेतली. तव्यावर भाजून काळी केलेली मशेरी दात घासायला ‘चांगली’ म्हणून ग्रामीण बायका वापरत आल्या आहेत. भाजल्याने तंबाखूतली नायट्रोसमाइन संयुगे जात नाहीत, उलट ज्वलनातून बेन्झोपायरीनसारखी नवी भर पडते. सुपारीचा प्रश्न अधिक अवघड होता. भारतात सुपारी आणि तंबाखू इतक्या एकत्र खाल्ल्या जातात की एकट्या सुपारीचा दोष माणसांवरून वेगळा काढता येईना. प्राण्यांवरचे प्रयोग आणि तंबाखूविना विडा खाणाऱ्या तैवानमधली निरीक्षणे जोडल्यावर चित्र स्पष्ट झाले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४च्या अहवालात सुपारीला माणसासाठी कर्ककारक ठरवले.

याच मुंबईच्या प्रयोगशाळेतून हळदीचेही काम आले. १९९२ साली अझुईन आणि भिडे यांनी हळदीने उंदरांच्या कातडीतल्या आणि जठरातल्या गाठी घटतात आणि विड्याचे पान व हळद मिळून हॅमस्टरच्या तोंडातल्या गाठींना आळा घालतात असे दाखवले. हे प्रयोग प्रामाणिक आहेत. पण ते तपासतात ती परिस्थिती लक्षात घ्यावी : हळद थेट त्वचेला, तोंडाला किंवा जठराला लागते. तिच्यातले कर्क्युमिन आतड्यातून फारच कमी शोषले जाते आणि शोषले जाते तेही यकृत झटकन बदलून टाकते. त्यामुळे फुफ्फुस किंवा स्तन यांच्यापर्यंत उंदराच्या कातडीवरचा निष्कर्ष ताणता येत नाही. बातमीतली ‘उंदरांवर प्रयोग’ ही ओळ वाचताना पहिला प्रश्न हाच : पदार्थ गाठीपर्यंत पोचला कसा आणि माणसात तो तसा पोचतो का?

दुसरा प्रश्न वेळेचा. बहुतेक प्रयोगांत प्रतिबंधक पदार्थ कर्ककारकाच्या आधी किंवा सोबत, कोवळ्या प्राण्यांना दिला जातो. माणूस गोळी सुरू करतो ती पन्नाशीत, वीस वर्षे तंबाखू खाल्ल्यावर. प्रारंभ रोखणारा पदार्थ तेव्हा निरुपयोगी. उपयोगी पडेल तर प्रवर्धन थांबवणारा. शिवाय पिंजऱ्यातले प्राणी मनसोक्त खातात. कमी खाणाऱ्या उंदरांना गाठी कमी होतात हे शिकागोत अल्बर्ट टॅनेनबॉम यांनी १९४०च्या दशकातच दाखवले होते. ज्या पदार्थाने प्राण्याची भूक मंदावते, तो केवळ त्यामुळेच ‘प्रतिबंधक’ भासू शकतो. वजन न नोंदवलेला प्रयोग म्हणून अर्धाच वाचावा.

पिंजऱ्याबाहेरचे प्राणी

अलीकडे नजर प्रयोगशाळेबाहेरही वळली आहे. पाळीव कुत्रे आपल्याच घरात राहतात, आपलीच हवा घेतात आणि म्हातारपणी त्यांना आपोआप कर्करोग होतात. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांची आयुष्यभराची नोंद ठेवण्याचा अभ्यास चालू आहे. हत्तीच्या शरीरात माणसाहून कितीतरी जास्त पेशी असूनही त्याला कर्करोग कमी होतो; रिचर्ड पेटो यांनी १९७७ साली मांडलेल्या या कोड्याचा एक दुवा २०१५ साली मिळाला. माणसात पी-५३ जनुकाच्या दोन प्रती असतात, हत्तीत सुमारे चाळीस. दक्षिण आशियातल्या ओढ्या-नद्यांतला झेब्राफिश आता प्रयोगशाळांत आहे, कारण त्याचा पारदर्शक देह पहिली बिघडलेली पेशी डोळ्यांसमोर दाखवतो. आजार कसा होतो इतकेच नव्हे, तर काही प्राण्यांत तो का होत नाही, हा प्रश्न प्रतिबंधाच्या अधिक जवळचा आहे.

किती आणि कधीपर्यंत

प्राण्यांचे दुःख हा या आढाव्यातला परका विषय नाही. विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ साली तीन सूत्रे दिली : पर्याय शोधा, संख्या कमी करा, वेदना कमी करा. भारतात १९६०च्या कायद्याखाली आणि १९९८च्या नियमांनुसार प्रयोगांना समितीची परवानगी लागते. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये औषधांसाठी प्राण्यांवरील चाचणीची सक्ती काढली. माणसाच्या पेशींपासून वाढवलेले सूक्ष्म अवयव आता अनेक प्रश्नांना उंदराहून चांगली उत्तरे देतात. मात्र बशीतल्या अवयवाला यकृत नसते, संप्रेरकांची भरती-ओहोटी नसते आणि म्हातारपणही नसते. बीटा-कॅरोटीनची फसगत आतडे आणि फुफ्फुस यांच्यातल्या वाटेवर झाली होती; टॅमॉक्सिफेनचा फायदा एका अवयवात आणि तोटा दुसऱ्यात होता. प्रतिबंधाच्या संशोधनाला संपूर्ण देहाची गरज म्हणून अजून काही काळ राहील.

ही गरज सरसकट नाही. जिथे यंत्रणाच उलगडलेली नाही, जिथे निरोगी माणसांना वर्षानुवर्षे काही द्यायचे आहे, तिथे नीट निवडलेल्या प्राण्यावरचा प्रयोग टाळणे हीच हेळसांड ठरेल. तंबाखू, मशेरी आणि सुपारी यांच्या बाबतीत मात्र प्रश्न संपला आहे. महाराष्ट्राने गुटख्यावर २०१२ साली बंदी घातली ती पुरावा पुरेसा होता म्हणूनच. सुपारी खाऊनही कर्करोग टाळणारा अर्क शोधण्यासाठी आणखी हॅमस्टर मारण्यापेक्षा सुपारी सुटावी यासाठी शाळेत, कारखान्यात आणि दवाखान्यात पैसा घालणे अधिक शास्त्रीय आहे. प्राण्यांवरच्या संशोधनाचा चांगला वाचक तोच, ज्याला पुढचा प्रयोग कधी हवा आणि कधी नको, हे दोन्ही सांगता येते.